परदेशी सून, परदेशी जावई आणि भारतीय नागरिकत्व: मराठवाड्यातील कुटुंबांनी काय करावे

भारतीय माणसाशी लग्न झाले की परदेशी जोडीदार आपोआप भारताचा नागरिक होतो, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलेला आहे. आधार कार्ड निघाले, बँकेत खाते उघडले, शिधापत्रिकेवर नाव चढले, म्हणजे आता काही राहिले नाही असे घरच्यांना वाटू लागते. कायद्याच्या दृष्टीने यांपैकी एकही कागद नागरिकत्वाचा पुरावा नाही. आधार तर बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही मिळू शकते, कारण ते वास्तव्यावर दिले जाते.

छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात परदेशी विद्यार्थी अनेक वर्षांपासून शिकायला येत आहेत, लातूर-नांदेडची मुले जर्मनीपासून आखातापर्यंत नोकरीला जात आहेत, आणि नेपाळमधून येऊन आपल्या गावांत स्थिरावलेली माणसेही आहेत. त्यामुळे परदेशी सून किंवा परदेशी जावई आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. मात्र अशा घरांना योग्य वेळी योग्य माहिती देणारे माणूस तालुक्याच्या गावी सहसा भेटत नाही, आणि जी माहिती मिळते ती बहुधा एखाद्या एजंटाच्या सोयीची असते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. यातील सर्वांत महत्त्वाची बाब आधीच सांगतो: नागरिकत्वाचा अर्ज हे या प्रवासातील शेवटचे काम आहे, आणि तो अर्ज टिकेल की नाही हे लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच बऱ्याच अंशी ठरून गेलेले असते.

वाट कोणती, हे आधी ठरवावे

नागरिकत्व अधिनियम, १९५५ प्रमाणे भारताचे नागरिकत्व जन्माने, वंशाने, नोंदणीने किंवा देशीयकरणाने, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या आधारे, मिळते. भारतीय व्यक्तीशी लग्न केलेल्या परदेशी नागरिकासाठी नोंदणीची वाट आहे. कलम ५(१)(सी) अन्वये, अर्जापूर्वी सात वर्षे भारतात सर्वसाधारणपणे वास्तव्य केलेल्या अशा पती किंवा पत्नीला अर्ज करता येतो.

दुसरी वाट ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डाची आहे. नाव काहीही असले तरी हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. आपल्याकडे घरातील निम्मे व्यवहार सातबाराभोवती फिरत असल्याने ही शेवटची मर्यादा सर्वांनी नीट लक्षात ठेवावी. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला हे कार्ड मिळण्यासाठी लग्नाची रीतसर नोंदणी झालेली असावी लागते आणि अर्जाच्या वेळी लग्न सलग दोन वर्षे टिकलेले असावे लागते. कार्ड मिळाल्यावर व्हिसाच्या मुदतवाढीची आणि पोलिसांकडील नोंदणीची यातायात संपते. पुढे ओसीआय म्हणून पाच वर्षे पूर्ण झाली आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात वास्तव्य असले, की कलम ५(१)(जी) खाली नागरिकत्वाचा अर्ज करता येतो.

दोन्ही वाटांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा. दोन वर्षांचे लग्न आणि पाच वर्षांचे कार्ड मिळून सातच वर्षे होतात. पण ओसीआयच्या वाटेत संपूर्ण सात वर्षे भारतात राहण्याची अट नाही. म्हणून ज्या जोडप्याचे आयुष्य अर्धे इथे आणि अर्धे परदेशात आहे, त्याने लग्नाला दोन वर्षे होताच ओसीआय काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जी सून पहिल्या दिवसापासून अंबाजोगाईला किंवा उदगीरला सासरी राहते आहे, तिच्यासाठी (सी) खंडाची वाट सरळ आहे. तिनेही सोयीसाठी मधल्या काळात ओसीआय घेण्यास हरकत नाही. मात्र लग्नाच्या आधारावर मिळालेले हे कार्ड घटस्फोट झाल्यास रद्द होऊ शकते, हे पती-पत्नी दोघांनाही माहीत असले पाहिजे.

जो परदेशी माणूस भारतीयाशी विवाहित नाही, पण वर्षानुवर्षे इथे राहिला आहे, त्याच्यासाठी कलम ६ खालील देशीयकरण आहे. त्यासाठी अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण अकरा वर्षे भारतात वास्तव्य लागते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे पुरेसे ज्ञानही त्यासाठी आवश्यक असते. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा त्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मराठवाड्यात बारा-चौदा वर्षे काढलेल्या माणसाला ही अट जड जाऊ नये. विवाहाच्या आधारावरील नोंदणीला भाषेची अट नाही.

पाकिस्तान आणि बांगलादेश यांच्याशी संबंधित प्रकरणे वेगळी समजावीत. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरच्या काळात इथल्या काही कुटुंबांचे नातेवाईक कराचीकडे गेले आणि पुढे त्या घरांमध्ये सोयरिकीही झाल्या. अशा विवाहांतून आलेल्या पाकिस्तानी नागरिक असलेल्या सुनांना दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहावे लागते. ज्यांच्या आई-वडिलांचे किंवा आजोबा-पणजोबांचे नागरिकत्व पाकिस्तानचे वा बांगलादेशचे होते, त्यांना ओसीआय मिळत नाही. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींसाठी २०१९ च्या दुरुस्तीने स्वतंत्र तरतूद झाली. तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले, अर्जाचे पोर्टल वेगळे आहे, आणि देशीयकरणासाठी लागणारी अकरा वर्षे त्यांच्यासाठी पाचवर आणली आहेत. या गटातील व्यक्तींनी खालील सर्वसाधारण मार्गाऐवजी त्या नियमांप्रमाणेच चालावे.

लग्नाची नोंद

एक जोडीदार परदेशी असताना विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह करणे सर्वांत निर्धोक असते. दोघांपैकी किमान एकाचे ज्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतर तीस दिवस थांबावे लागते. परदेशी जोडीदार अविवाहित असल्याचे किंवा विवाहास कायदेशीर अडथळा नसल्याचे त्याच्या दूतावासाचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागितले जाते. ते येण्यास वेळ लागतो, म्हणून मंगल कार्यालयाची तारीख ठरवण्याआधी ते मागवून ठेवावे. केवळ वैदिक पद्धतीने, बौद्ध पद्धतीने किंवा निकाहाने लग्न लावून मोकळे होणे, आणि नोंदणी 'पुढे बघू' म्हणून सोडून देणे, ही आपल्याकडची सवय इथे फार महाग पडते. ओसीआयची दोन वर्षे असोत वा व्हिसाचा प्रकार बदलणे असो, सरकारी यंत्रणा पहिल्यांदा विवाह नोंदणी प्रमाणपत्रच मागते. लग्न परदेशात झाले असेल, तर ते प्रमाणपत्र त्या देशाच्या अपोस्टिलसह, म्हणजे कागद खरा असल्याच्या आंतरराष्ट्रीय शिक्क्यासह, किंवा तो देश अपोस्टिल करारात नसेल तर दूतावासामार्फत साक्षांकित करून आणावे, आणि इंग्रजी अनुवाद सोबत ठेवावा.

व्हिसा एक दिवसही चुकू देऊ नये

या संपूर्ण लेखातील एकच भाग लक्षात राहणार असेल, तर तो हा असावा. नागरिकत्व अधिनियमात 'बेकायदेशीर स्थलांतरित' या संज्ञेची व्याख्या आहे, आणि तिच्यात सीमा चोरून ओलांडणारा तर येतोच, पण वैध पासपोर्ट व व्हिसावर येऊन परवानगीच्या मुदतीपेक्षा जास्त राहिलेला माणूसही येतो. कलम ५ खालील नोंदणी आणि कलम ६ खालील देशीयकरण ही दोन्ही दारे बेकायदेशीर स्थलांतरितासाठी बंद आहेत. घरात कोणाच्या मनात काहीही वाईट नसते. सासूचे आजारपण, शेतीची कामे, मुलाचा जन्म अशा गडबडीत व्हिसाची तारीख मागे पडते, आणि मग 'आपलीच सून आहे, तिला कोण विचारणार' असे म्हणून महिने जातात. विचारणारा प्रश्न सात वर्षांनी येतो, आणि तेव्हा त्याला उत्तर नसते.

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अॅक्ट, २०२५ लागू झाला आहे. १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९ चा परकीय नागरिक नोंदणी कायदा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि २००० चा वाहकांच्या दायित्वाचा कायदा, असे चार जुने कायदे रद्द करून तो आणलेला आहे. व्हिसाची मुदत संपूनही राहिल्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वैध पासपोर्ट वा व्हिसाशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षा आहेत.

भारतीयाच्या जोडीदारासाठी प्रवेश व्हिसाचा, म्हणजे ज्याला कार्यालयात 'एक्स व्हिसा' म्हणतात त्याचा, प्रकार आहे. लग्नाच्या वेळी जोडीदार विद्यार्थी व्हिसावर किंवा अन्य व्हिसावर भारतात असेल, तर त्या व्हिसाची मुदत चालू असतानाच प्रकार बदलण्यासाठी अर्ज करावा. हे अर्ज ई-एफआरआरओ या, परदेशी नागरिकांच्या व्हिसा व नोंदणीसाठीच्या सरकारी पोर्टलवर होतात. १८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाने सर्वसाधारणपणे भारतात आल्यापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. छत्रपती संभाजीनगर शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाकडे, तर जालना, बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. अर्ज ऑनलाइन असला तरी त्या कार्यालयातील परकीय नागरिक नोंदणी पाहणाऱ्या कक्षाला एकदा प्रत्यक्ष भेट द्यावी. जिल्ह्यात अशी प्रकरणे थोडी असल्याने तेथील कर्मचाऱ्यांना तुमचे प्रकरण लक्षात राहते, आणि पुढे चौकशीच्या वेळी त्याचा उपयोग होतो.

मुदतवाढीचा अर्ज व्हिसा संपण्याच्या दोन महिने तरी आधी करावा. अर्जाची पोचपावती, भरलेल्या शुल्काची पावती, मिळालेला निवास परवाना आणि विमानतळावरील प्रत्येक आगमन-निर्गमनाच्या शिक्क्याचे पान यांच्या प्रती एकाच फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावाव्यात. पासपोर्ट नवा निघाला तर जुना फेकू नये. सात वर्षांचे शिक्के त्याच जुन्या पासपोर्टात असतात. नवरा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि पत्नीही सोबत गेली, तर पत्ता बदलल्याची नोंद पोर्टलवर करावी. मराठवाड्यातील फार मोठा तरुणवर्ग पुण्यात नोकरी करतो आणि घर मात्र गावी ठेवतो, त्यामुळे हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात येणारच आहे. नोंद एका जिल्ह्यात आणि प्रत्यक्ष संसार दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर चौकशीला आलेल्या पोलिसाला त्या पत्त्यावर कोणी सापडत नाही आणि अहवाल प्रतिकूल जातो.

नेपाळी सुनेच्या बाबतीत व्हिसाचा प्रश्न येत नाही, कारण नेपाळमधून येणाऱ्या नेपाळी नागरिकाला भारतात प्रवेशासाठी व्हिसा लागत नाही. तिची अडचण नेमकी उलटी असते: व्हिसा नाही, शिक्का नाही, त्यामुळे ती सात वर्षे इथे राहिली हे दाखवणारा सरकारी कागदही नाही. अशा वेळी नेपाळचे नागरिकता प्रमाणपत्र, विवाह नोंदणी, बँकेचे खातेपुस्तक, दवाखान्याचे कागद, मुलांच्या शाळेतील नोंदी आणि घरभाड्याचे करार यांतून वास्तव्य वर्षावार सिद्ध करावे लागते. दर वर्षाचा किमान एक पक्का कागद हवा, असे ठरवून तो जमवत जावे.

सात वर्षांचा हिशेब आणि माहेरचे बाळंतपण

कायद्यात सात वर्षांची मोजणी कशी करायची हे स्पष्ट दिलेले आहे. अर्जाच्या लगतपूर्वीचे बारा महिने संपूर्णपणे भारतात राहिलेले असावे लागतात, आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या आठ वर्षांत एकूण सहा वर्षे भारतात राहिलेले असावे लागते. म्हणजे पूर्वीच्या आठ वर्षांत ये-जा करण्यास दोन वर्षांची सवड आहे, पण शेवटच्या वर्षाला तशी सवड नाही. विशेष परिस्थितीत केंद्र सरकार या शेवटच्या बारा महिन्यांत एकूण तीस दिवसांपर्यंत सूट देऊ शकते, तीही कारणे नोंदवून. ती मिळेलच असे गृहीत धरून विमानाचे तिकीट काढू नये.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि परदेशी सुनेलाही आईजवळ जावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तिला त्यापासून कोणी अडवू नये. फक्त तो काळ अर्जाआधीच्या वर्षात येणार नाही अशा बेताने अर्जाची तारीख पुढे ढकलावी. प्रत्येक प्रवासाची जाण्याची आणि येण्याची तारीख एका वहीत लिहून ठेवावी आणि वर्षाच्या अखेरीस भारतातील दिवसांची बेरीज करावी. अर्ज भरताना या तारखा विचारल्या जातात, आणि त्या पासपोर्टवरील शिक्क्यांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत.

मुलांचे नागरिकत्व

मुलांच्या बाबतीत जन्माची तारीख आणि जन्माचे ठिकाण या दोन गोष्टींवर सर्व काही ठरते. भारतात २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात जन्मलेला माणूस, तुरळक अपवाद सोडता, जन्माने नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय असावे लागतात. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला: आई-वडिलांपैकी एक भारतीय असून दुसरा पालक जन्माच्या वेळी बेकायदेशीर स्थलांतरित नसावा.

या शेवटच्या अटीचा अर्थ प्रत्येक परदेशी सुनेच्या घराने समजून घ्यावा. वडील पिढ्यानपिढ्या परभणीचे असतील, बाळ परभणीच्याच दवाखान्यात जन्मले असेल, पण बाळाच्या जन्माच्या दिवशी आईचा व्हिसा संपलेला असेल, तर त्या बाळाच्या जन्मसिद्ध नागरिकत्वावरच प्रश्न उभा राहतो. आईच्या कागदाची तारीख चुकली, त्याचा भार लेकराने वाहायचा, हे मनाला पटणारे नाही. तरीही कायदा आज असा आहे, आणि त्यात बदल होईपर्यंत व्हिसाची तारीख पाळणे एवढेच आपल्या हातात आहे. गरोदरपणाची नोंद होताच व्हिसाची तारीखही तपासावी, आणि प्रसूतीच्या दिवसांत मुदत संपणार असेल तर मुदतवाढ आधीच करून घ्यावी.

बाळ परदेशात, म्हणजे आईच्या माहेरी जन्मले, तर ते वंशाने भारतीय ठरू शकते. पण ३ डिसेंबर २००४ नंतरच्या जन्मासाठी त्या देशातील भारतीय दूतावासात एक वर्षाच्या आत नोंदणी करावी लागते, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे पालकांनी लिहून द्यावे लागते. प्रवासाच्या सोयीसाठी आईच्या देशाचा पासपोर्ट घाईने काढला, की हा मार्ग अडतो. म्हणून दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच दूतावासाची वाट धरावी.

कागदांतील नावे

मराठवाड्यात कागदपत्रांच्या काही अडचणी खास इथल्या आहेत. पहिली, लग्नात सुनेचे नाव बदलण्याची प्रथा. तांदळात अंगठीने लिहिलेले नवे नाव घरात खुशाल चालावे, पण व्हिसा, विवाह प्रमाणपत्र, बँक, दवाखाना आणि मुलांचे जन्म दाखले यांवर पासपोर्टावरील नाव अक्षरशः तसेच लिहिले पाहिजे. एकदा आधारवर 'सुनंदा' आणि पासपोर्टवर वेगळेच नाव असे झाले, की त्या दोन व्यक्ती एकच आहेत हे सिद्ध करण्यात वर्ष जाते. मुलांच्या जन्म दाखल्यावर आईचे नाव ग्रामसेवकाने ऐकून लिहिण्याऐवजी पासपोर्ट समोर ठेवून लिहून घ्यावे.

दुसरी अडचण गावांच्या नावांची. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. नवऱ्याच्या पासपोर्टवर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि जुन्या मालमत्ता पत्रकावर जुने नाव असणे साहजिक आहे, आणि ते कागद अवैध होत नाहीत. तरीही दिल्लीत बसून फाइल वाचणाऱ्याला ही दोन नावे एकाच जिल्ह्याची आहेत हे कळावे, म्हणून सोबतच्या पत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा आणि नामांतराच्या अधिसूचनेची प्रत जोडावी.

तिसरी बाब भारतीय जोडीदाराच्या स्वतःच्या नागरिकत्वाच्या पुराव्याची. पासपोर्ट आणि जन्म दाखला यांवर इथे भर असतो. नवऱ्याकडे पासपोर्ट नसेल तर तो लग्नाच्या वर्षातच काढावा, कारण त्यामुळे पुढची बरीच विचारणा वाचते. वयस्कर व्यक्तींचा जन्म दाखला नसेल तर शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा उपयोगी पडतो. आजोबांपर्यंत मागे जावे लागलेच, तर १९५४-५५ चे खासरा पत्रक किंवा निजाम राजवटीतील महसुली कागद पुढे येतात. त्यातील जुने कागद उर्दूत असतात, त्यांचा अनुवाद जाणकार अनुवादकाकडून, मूळ प्रत सोबत लावून करून घ्यावा. जन्माची नोंद उशिरा करायची असेल तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापेक्षा जुन्या जन्मासाठी जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो, आणि त्यासाठी खरे पुरावेच द्यावेत.

इथे एका गोष्टीविषयी कळकळीने सांगावेसे वाटते. काही एजंट 'आधी मतदार ओळखपत्र काढून देतो, मग पासपोर्टही निघेल' असे सांगून पैसे घेतात. परदेशी नागरिकाचे नाव मतदार यादीत घालणे किंवा नागरिकत्व लपवून भारतीय पासपोर्ट मिळवणे हा गुन्हा आहे, आणि त्याचा फटका एजंटाला बसत नाही, सुनेला बसतो. नागरिकत्वाच्या अर्जात खोटी माहिती दिल्यास नागरिकत्व अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. फसवणुकीने मिळवलेले नागरिकत्व पुढे केव्हाही काढून घेता येते. चुकीने असे एखादे कार्ड निघालेच असेल, तर ते लपवण्याऐवजी वकिलाच्या सल्ल्याने आधी रद्द करून घ्यावे.

अर्ज आणि त्यानंतरची चौकशी

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर भरायचा असतो. कोणत्या कलमाखाली अर्ज आहे हे निवडल्यावर त्याच कलमाचा नमुना उघडतो. विवाहाच्या आधारे अर्ज असेल तर ५(१)(सी) निवडावे. सोबत परदेशी पासपोर्ट, चालू निवास परवाना, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, भारतीय जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा, छायाचित्र आणि शुल्क भरल्याची पावती लागते. भरलेल्या अर्जाची छापील, सही केलेली प्रत कागदपत्रांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी आणि आवक क्रमांक घालून पोच घ्यावी. तोंडी 'ठेवून जा' म्हटले तरी पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये.

पुढे पोलिसांमार्फत चौकशी होते. घरी येणाऱ्या कर्मचाऱ्याशी अर्जदाराने स्वतः बोलावे. मोडक्या मराठीत बोलले तरी चालते, पण दर उत्तर सासऱ्याने द्यावे हे बरे दिसत नाही आणि त्यातून शंकाही निर्माण होते. शेजारी, पोलीस पाटील, सरपंच यांना अर्जाची कल्पना आधीच देऊन ठेवावी. जिल्हाधिकाऱ्यांनी आपला अहवाल साठ दिवसांत राज्य शासनाकडे आणि राज्य शासनाने तीस दिवसांत केंद्राकडे पाठवावा, अशी नियमांत अपेक्षा आहे. प्रत्यक्षात विलंब होतो. म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी पोर्टलवर स्थिती पाहावी, लेखी स्मरणपत्र द्यावे, आणि फाइल नेमकी कोणत्या टेबलावर आहे हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. या काळात व्हिसा वा निवास परवान्याची मुदतवाढ चालूच ठेवायची आहे. नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून व्हिसा आपोआप वाढत नाही.

केंद्राला अर्ज योग्य वाटला तर स्वीकृतीचे पत्र येते आणि मूळ देशाचे नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागितला जातो, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. हे पत्र हाती येण्याआधी मूळ नागरिकत्व कदापि सोडू नये. आधीच सोडले आणि अर्ज नामंजूर झाला, तर ती व्यक्ती कोणत्याच देशाची उरत नाही. तसेच दूतावासात पासपोर्ट परत करणे आणि नागरिकत्वाचा त्याग करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केरळमध्ये दोन बहिणींनी पाकिस्तानी पासपोर्ट परत केले होते, पण त्यागाचे प्रमाणपत्र नसल्याने त्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून दूतावासाकडून 'त्याग मंजूर' असा स्पष्ट उल्लेख असलेले पत्रच मागावे. काही देश हे पत्र द्यायला बराच वेळ घेतात, तसे असेल तर केलेल्या अर्जाच्या प्रतीसह गृह मंत्रालयाला लेखी कळवत राहावे.

अर्ज नाकारताना कारण देण्याचे बंधन कायद्याने सरकारवर घातलेले नाही, आणि ही गोष्ट अर्जदारासाठी फार कठीण आहे. तरी केंद्र सरकारच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. हे तीस दिवस लवकर निघून जातात, म्हणून नकाराचे पत्र आल्या आठवड्यातच उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात काम करणाऱ्या, या विषयाची माहिती असलेल्या वकिलाला गाठावे.

मंजुरीनंतर निष्ठेची शपथ घ्यावी लागते. भारताच्या राज्यघटनेवर खरी श्रद्धा व निष्ठा ठेवण्याची, देशाचे कायदे निष्ठापूर्वक पाळण्याची आणि नागरिक म्हणून कर्तव्ये पार पाडण्याची ती शपथ आहे. त्यानंतर नोंदणीचे प्रमाणपत्र मिळते. त्यावरील नाव, जन्मतारीख आणि पतीचे वा पत्नीचे नाव तेथेच वाचून पाहावे आणि चूक असल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे, कारण भारतीय पासपोर्ट, मतदार यादीतील नावासाठीचा नमुना ६ आणि पुढचा प्रत्येक अर्ज या प्रमाणपत्रावरच उभा राहणार आहे. शिधापत्रिका, बँक आणि आधारमधील नोंदीही याच वेळी या प्रमाणपत्राप्रमाणे दुरुस्त करून घ्याव्यात. मूळ प्रत घरात ठेवण्यापेक्षा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी आणि रोजच्या कामासाठी साक्षांकित प्रती काढाव्यात. ओसीआय कार्ड असेल तर ते परत करावे, आणि परदेशी पासपोर्ट मूळ देशाच्या दूतावासात जमा केल्याची पावती याच फाइलमध्ये शेवटी लावावी.